नोंद आणि आवाज : चैतन्य ताम्हाणे यांचे दोन चित्रपट

'कारकीर्द' हा शब्द मराठीत मुळात राज्यकर्त्यांसाठी वापरला गेला. थोरल्या माधवरावांची कारकीर्द, अमुक दिवाणाची कारकीर्द असे आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचत आलो. सत्ता, मुलूख आणि सलग कालखंड हे तिन्ही अर्थ त्या शब्दात गृहीत असतात. व्यावसायिक चित्रसृष्टीतल्या दिग्दर्शकाला तो बराचसा शोभतो. स्वतंत्रपणे चित्रपट करणाऱ्याला मात्र मुलूख नसतो. दोन कृतींच्या मध्ये पाच-सहा वर्षांचा काळ मोकळा पडलेला असतो, आणि त्या काळात त्याच्या हातून काय घडत होते हे पुढची कृती समोर आल्यावरच, तेही अंदाजाने, सांगता येते. चैतन्य ताम्हाणे यांचे 'कोर्ट' (२०१४) आणि 'द डिसायपल' (२०२०) हे दोन पूर्ण लांबीचे चित्रपट मी चंद्रपुरात राहून, पुन्हा पुन्हा, बहुतेक वेळा विद्यार्थ्यांच्या सोबत पाहिले आहेत. या दोहोंच्या मध्ये जे अंतर आहे त्याविषयी, आणि ते इथून पाहताना काय दिसते त्याविषयी, काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगता येतो. जन्म १९८७, मुंबई. मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचा अभ्यास. भारतीय चित्रपटांतल्या उसनवारीवर 'फोर स्टेप प्लॅन' हा माहितीपट (२००६), 'ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क' हे नाटक (२००९), 'सिक्स स्ट्रँड्स' हा लघुपट (२०१०). त्यानंतर 'कोर्ट'. नाटकातल्या ओळखीचे विवेक गोम्बर यांनी लेखनकाळात दरमहा ठरावीक रक्कम देऊन या तरुणाला जगवले, पुढे निर्मितीही केली आणि चित्रपटात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. 'कोर्ट'ला व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोंती' विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पहिल्या कृतीसाठीचा असे दोन्ही पुरस्कार मिळाले. २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले आणि त्याच वर्षी भारताची ऑस्करसाठीची प्रवेशिका म्हणून तो पाठवला गेला. २०१६-१७ मध्ये अल्फोन्सो क्वारोन यांच्या 'रोमा'च्या चित्रीकरणाच्या वेळी ताम्हाणे शिष्य म्हणून मेक्सिकोत उपस्थित होते. 'द डिसायपल' २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. २००१ च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथे पोहोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. पटकथेचा पुरस्कार त्याला मिळाला. एवढे सांगून झाले की पुरस्कारांची बाब संपते. समीक्षेने तिथेच रेंगाळावे असे तिच्यात काही नाही.

या दोन चित्रपटांचे विषय परस्परांपासून फार दूरचे वाटतात. एकात मुंबईच्या सत्र न्यायालयातला खटला आहे, दुसऱ्यात शास्त्रीय संगीताच्या साधनेत गुंतलेल्या एका गायकाची तीसेक वर्षे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे मला वाटते. माणसाच्या आवाजाची नोंद केली की त्या आवाजाचे काय होते? 'कोर्ट'मध्ये ही नोंद न्यायालयाच्या टंकलेखकाकडून होते. 'द डिसायपल'मध्ये ती ध्वनिफितीवर झालेली आहे. पहिलीत आवाज आटतो. दुसरीत तो इतका वाढतो की ऐकणाऱ्याचे सगळे आयुष्य व्यापून टाकतो.

'कोर्ट'चे कथानक वाचकांना परिचित असेलच. नारायण कांबळे हे वयस्क लोकशाहीर एका वस्तीत कार्यक्रम करीत असताना पोलीस त्यांना अटक करतात. आरोप असा, की त्यांच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. पुढे जामीन होतो, आणि मग पुन्हा अटक होते, तीही बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. या सगळ्यात चित्रपट कुठेही आवाज चढवत नाही. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ खोलीच्या एका टोकाला स्थिर उभा असतो आणि चौकटीत न्यायाधीश, वकील, कारकून, पट्टेवाला, आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारे इतर खटल्यांतले लोक असे सगळेच सारख्या मापाने मावतात. सरकारी वकील एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याची कलमे एका दमात वाचत जाते, आणि त्या वाचनात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

या चित्रपटातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची क्रिया कुणी फारशी लक्षात घेतलेली नाही, ती म्हणजे न्यायाधीशाचे सांगणे आणि टंकलेखकाचे लिहिणे. साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत काहीतरी बोलतो. न्यायाधीश सदावर्ते ते ऐकतात, क्षणभर थांबतात आणि त्याचे एक वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. जे सांगितले तेच घडले असे त्यानंतर मानले जाते. मृत कामगाराच्या विधवेची साक्ष हा या दृष्टीने चित्रपटाचा गाभा आहे. नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकून पाहायचा; झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. हे ती अगदी साध्या सुरात सांगते, कसलाही टाहो फोडत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर झेपावत नाही. ही भूमिका करणारी स्त्री व्यावसायिक नटी नव्हे, आणि तिच्या बोलण्यातला प्रत्येक थांबा खरा वाटतो. तो थांबा नोंदीत जात नाही. प्रेक्षक मात्र तो ऐकतो. न्यायालयाचे दप्तर आणि चित्रपट या दोन नोंदींमधली ही तफावत हाच 'कोर्ट'चा आशय आहे, असे मी म्हणेन.

हे माझ्या इतके चटकन लक्षात येण्याचे एक घरगुती कारण आहे. माझे वडील जिल्ह्यातल्या एका न्यायालयात लघुलेखक होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्याआधी सिरोंचा, अहेरी, भामरागडपासूनचे लोक मोठ्या खटल्यांसाठी चंद्रपूरला येत. वडील घरी न्यायालयाविषयी फारसे बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी आम्हां भावंडांना अनेकदा सांगितली. भामरागडकडच्या एका माडिया साक्षीदाराला घटनेची तारीख विचारली गेली. दुभाष्याने प्रश्न त्याच्या भाषेत सांगितला. तो बराच वेळ बोलला. मोहाची फुले गळायला लागली होती, बायका पहाटे टोपल्या घेऊन निघत होत्या, पण अजून तेंदूपत्त्याचे काम सुरू झाले नव्हते, असे ते एकंदर बोलणे होते. दुभाष्याने त्याचे मराठीत दोन वाक्यांत रूपांतर केले, त्याचे इंग्रजीत एक वाक्य झाले आणि वडिलांनी ते टंकित केले : साक्षीदारास तारीख सांगता येत नाही. जंगलात राहणाऱ्या कुणालाही त्या बोलण्यातून आठ-दहा दिवसांच्या फरकाने काळ सांगता आला असता. वडिलांनी स्वतः तो मनात धरला होता, कारण आमचे आजोळ सिंदेवाहीकडचे. पण लघुलेखकाने मत द्यायचे नसते. फौजदारी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी न्यायाधीशाने शेरा लिहावा अशी तरतूद होती, हे मला पुढे कळले. मोहाच्या फुलांविषयी शेरा लिहिण्याची तरतूद कोणत्याच संहितेत असणे शक्य नाही.

या प्रश्नाचे अधिक भयंकर रूप याच प्रदेशाने पाहिले आहे. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज म्हणजे वडसा येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. शरीरावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा झाला नाही, या दोन अभावांची नोंद झाली आणि त्यातून संमतीचा अर्थ काढला गेला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने तो अर्थ जाहीरपणे नाकारला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. भयाने गप्प झालेल्या मुलीचे मौन वाचण्याची भाषा न्यायव्यवस्थेजवळ नव्हती, एवढेच इथे नोंदवतो. 'कोर्ट'मधल्या त्या विधवेचे थांबे ऐकताना वडशाचे हे मौन आठवल्याशिवाय राहत नाही.

वडसा हे गाव आणखी एका कारणासाठी या लेखात यायला हवे. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांचे ते मुख्य ठाणे आहे. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्या निमित्ताने रात्री उशिरा सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा महानगरी वर्तमानपत्रांनी हे नाव बहुधा पहिल्यांदाच छापले असेल. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांविषयी जे काम केले ते आमच्या विभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेले असते किंवा वाचले आहे असे तो सांगतो तरी. या नाटकांवर वाढलेली मुले-मुली माझ्या वर्गात बसतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, कुरखेडा ही त्यांची गावे. नाटक म्हणजे गाणे, विनोद, रडणे, पुन्हा गाणे आणि मध्येच प्रेक्षकांतून आलेली बक्षिसाची नोट, अशी त्यांची घडण. त्यांना 'कोर्ट' दाखवायचा म्हणजे काय याची मला थोडी धास्ती होती.

पहिल्यांदा विभागात चित्रपट दाखवला तेव्हा शेवटच्या भागात कुजबुज सुरू झाली. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि रिकामी खोली काळोखात बराच वेळ पडद्यावर राहते. चित्रपट संपला असे समजून दोघेतिघे उठलेसुद्धा. मग सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात, बाकावर डुलकी घेतात, मुले त्यांना ओरडून जागे करतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपी जातात. तिथेच चित्रपट थांबतो. चर्चेत सुरुवातीला कुणीच बोलेना. मग सिंदेवाही तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळ्यांच्या घरी गेला कॅमेरा, शाहिराच्याच घरी काहून नाही गेला?"

हा प्रश्न मी आजपर्यंत वाचलेल्या बहुतेक परीक्षणांपेक्षा अधिक नेमका आहे. सरकारी वकील लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर परप्रांतीयांची टर उडवणारे मराठी नाटक पाहायला जाते. गीतांजली कुलकर्णींनी हे सगळे असे वठवले आहे की तिचा राग करणे प्रेक्षकाला अवघड होते. बचावपक्षाचा वकील मोठ्या दुकानात चीज आणि वाइन विकत घेतो, गाडीत जॅझ ऐकतो, आईवडिलांशी गुजरातीत वाद घालतो. न्यायाधीश सहलीला जातात. शाहीर मात्र सुरुवातीला मुलांची शिकवणी घेताना दिसतो, बसने कार्यक्रमाला जातो, आणि त्यानंतर आपल्याला तो मुख्यतः मंचावर आणि पिंजऱ्यात भेटतो. ही दिग्दर्शकाची तटस्थता आहे की मध्यमवर्गीय दिग्दर्शकाची मर्यादा?

वर्गात मी दिलेले उत्तर असे होते. कॅमेरा ज्यांच्या मागे घरापर्यंत जातो त्यांचा वेळ त्यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे. पुढची तारीख पडली की ते घरी जाऊ शकतात. आरोपीचा वेळ न्यायालयाने घेतलेला आहे, त्यामुळे दोन तारखांच्या मधला त्याचा काळ चित्रपटातूनही गायब होतो. प्रेक्षकाला त्या गायब काळाचा प्रत्यय यावा म्हणूनच इतरांचा फावला वेळ इतक्या सावकाशीने दाखवला आहे. हे उत्तर मला अजूनही पटते. विद्यार्थिनीला ते निम्मेच पटले. "पण मग सर, त्याची बाजू घरून कोण पाहत होतं, ते तरी दिसायला पायजे होतं," असे ती म्हणाली. झाडीपट्टीच्या नाटकात हे दिसले असते यात शंका नाही. तिथे आरोपीची म्हातारी आई तिसऱ्या अंकात मंचावर येते आणि अख्खा गाव रडतो. दोन्ही रचनांना आपापले नीतिशास्त्र आहे. दूर उभे राहून पाहण्याला आपण विद्यापीठीय मंडळी जरा लवकर श्रेष्ठ ठरवतो, एवढे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

शाहिरीच्या बाबतीत मात्र चंद्रपूरच्या प्रेक्षकाला कोणाच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत इथल्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात आणि रात्रभर गाणी चालतात. संभाजी भगत यांच्या संगीताने उभे राहिलेले 'कोर्ट'मधले दोन्ही कार्यक्रम माझ्या विद्यार्थ्यांनी माना डोलावत ऐकले. इथे त्यांची कुजबुज थांबली होती. मंचाची उंची, ध्वनिक्षेपकाची घरघर, मागच्या फलकावरच्या तसबिरी हे सगळे त्यांना ओळखीचे होते. ताम्हाणे यांनी शाहिराच्या भूमिकेसाठी अभिनेता न निवडता नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांना उभे केले, हे या चित्रपटाचे मोठे शहाणपण. साथीदार कुठे अभिनय करतात आणि कुठे नुसते असतात हे सांगता येत नाही. पोलीस मंचावर चढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही, आणि ते आश्चर्य नसणे शिकवून येणारे नव्हे.

विदर्भात या चित्रपटाचे कथानक कल्पित म्हणून बाजूला ठेवणे अवघड जाते. प्रा. जी. एन. साईबाबा यांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये याच प्रतिबंधक कायद्याखाली जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना मुक्त केले, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून फेरसुनावणी करायला लावली, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले. त्या खटल्याविषयी आणि नक्षल चळवळीविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील, माझीही काही आहेत. इथे फक्त मधली वर्षे मोजावीत. वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात करोनाने गेले. मे २०२५ मध्ये त्यांच्या स्मृत्यर्थ नागपुरात कार्यक्रम झाला, तिथे फैज अहमद फैज यांची एक प्रसिद्ध नज्म गायली गेली, आणि त्याबद्दल आयोजकांवर देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोहोचवण्यासंबंधीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. शाहिराची भूमिका केलेल्या माणसाच्या स्मृतिसभेत गाणे म्हटल्याबद्दल गुन्हा. 'कोर्ट'च्या पटकथेत हा प्रसंग असता तर तो अतिरंजित म्हणून आम्हीच त्यावर टीका केली असती.

साथीदार गेले त्याच आठवड्यात, १९ एप्रिल २०२१ रोजी, पुण्यात सुमित्रा भावे गेल्या. 'द डिसायपल' त्यानंतर अकरा दिवसांनी नेटफ्लिक्सवर आला. त्या चित्रपटात 'माई' या पात्राचा आवाज सुमित्राबाईंचा आहे. ताम्हाणे यांच्या दोन चित्रपटांचे दोन आवाज असे एका आठवड्यात गेले.

'द डिसायपल'चा नायक शरद नेरुळकर (आदित्य मोडक) हा अलवर नावाच्या एका कल्पित घराण्याच्या वृद्ध गुरूंकडे (अरुण द्रविड) शिकतो. या गुरूंच्या गुरू म्हणजे माई. माईंचे गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही. मागे राहिली आहेत ती त्यांची व्याख्याने. रात्री मुंबईच्या रिकाम्या उड्डाणपुलांवरून शरद संथ गतीने मोटारसायकल चालवत जातो आणि त्याच्या कानात माई बोलत असतात. श्रोत्यांसाठी गाऊ नये, मन निर्मळ असल्याखेरीज सूर सापडत नाही, या वाटेवर एकटेपणाची आणि भुकेची सवय करून घ्यावी लागते, असा त्या बोलण्याचा आशय. माईंचा चेहरा आपल्याला दिसत नाही. देह नसलेला, उलट प्रश्न विचारता न येणारा असा हा आवाज आहे. जिवंत गुरू खोकतो, औषधे मागतो, बैठकीच्या बिदागीविषयी कुरकुरतो. ध्वनिफितीतला गुरू कधीच चुकत नाही. शरदच्या गाण्यात काय कमी आहे हे त्याला जिवंत गुरू सांगत असतात, पण तो मोजमाप करतो ते माईंच्या मापाने. पुढे एक जुना संग्राहक माईंविषयी आणि गुरूंविषयी काही लौकिक, अप्रिय गोष्टी सांगतो तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पेला रिकामा करतो. एका नोंदीला दुसऱ्या नोंदीने छेद दिला, एवढेच तिथे घडलेले असते.

आता हा आवाज सुमित्रा भावे यांचा असावा, यातली गंमत, खरे तर वक्रोक्ती, मराठी प्रेक्षकालाच कळू शकते. सुमित्राबाई चित्रपटात आल्या त्या समाजकार्याच्या वाटेने. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या. झोपडवस्तीतल्या स्त्रियांविषयी संशोधन करताना त्यांना जाणवले की हे संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्या बायका ते कधीच वाचणार नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी 'बाई' (१९८५) हा लघुपट केला. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण नव्हते. त्यानंतर सुनील सुकथनकर यांच्याबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु', सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव', आणि द. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा 'दिठी', जो त्यांच्या निधनानंतर मे २०२१ मध्ये प्रेक्षकांसमोर आला. ही तीन दशकांहून मोठी वाटचाल ऐकणाऱ्याच्या दिशेने झालेली आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत जायचे म्हणून ज्या बाईंनी निबंध सोडून कॅमेरा घेतला, त्यांच्या आवाजात ताम्हाणे यांनी श्रोत्याकडे पाठ फिरवण्याचे तत्त्वज्ञान ऐकवले. हे त्यांनी जाणून केले की केवळ त्या आवाजाच्या पोतामुळे केले, याने फारसे बिघडत नाही. परिणाम असा झाला आहे की माईंची वाक्ये कितीही कठोर असली तरी त्यांत समजावून सांगणाऱ्या शिक्षिकेची ऊब शिल्लक राहते, आणि शरद त्या उबेला साधनेचा आदेश समजून बसतो.

'द डिसायपल'मध्ये ताम्हाणे राजकारण सोडून अभिजनांच्या दिवाणखान्यात गेले, असा एक आक्षेप आमच्याकडच्या परिवर्तनवादी मित्रांनी घेतला. मला तो मान्य नाही. अपयशाचा इतका संथ आणि निर्दय अभ्यास मराठीत विरळा आहे. पण आक्षेपाची दुसरी बाजू गंभीरपणे घ्यायला हवी. 'कोर्ट'मध्ये प्रत्येक पात्राची जात, भाषा, वस्ती, खाणे यांना अर्थ होता. न्याय कुणाला कोणत्या दराने मिळतो हे त्या तपशिलांतून कळत होते. 'द डिसायपल'मध्ये गुरुगृह, श्रोते, संग्राहक, समीक्षक यांचे जग तितक्याच बारकाईने उभे आहे, पण ते जग कुणाला आत घेते आणि कुणाला दारातून परत पाठवते हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. शरदला जागा मिळाली आणि ती निभवता आली नाही. ज्यांना जागाच मिळाली नाही ते चौकटीबाहेर राहतात. फक्त अखेरीस, आगगाडीच्या डब्यात, एक गाणारा माणूस हातात वाद्य घेऊन येतो. शरद बायको-मुलीसह बसलेला आहे. गाणे खणखणीत आहे. शरद पाहतो. एवढ्यावर चित्रपट संपतो. काही समीक्षकांना त्या गायकात शरदच्या हुकलेल्या सहजतेचे रूप दिसले. मला तो नारायण कांबळ्यांच्या बिरादरीतला माणूस वाटतो. त्याची नोंद करायला तिथे न्यायालयाचा टंकलेखकही नाही आणि जुन्या फिती विकणारा व्यावसायिकही नाही, निदान पुढच्या स्टेशनापर्यंत तरी.

'कोर्ट'विषयी प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीने पुढे दंडारीतल्या गाण्यांवर लघुप्रबंध घेतला. सिंदेवाहीजवळच्या एका गावी ऐंशीच्या घरातला एक गायक तिला मिळाला. त्याने दोन दुपारी तिला बसवून घेतले, चहा पाजला, घराण्याची म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची हकीकत सांगितली. गाण्याची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "पोरी, ते यंत्र बंद कर, मंग म्हणतो." तिने मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला. तो तासभर गायला. प्रबंधात त्या दुपारचे काय लिहायचे हे विचारायला ती माझ्याकडे आली. शब्द तिला बरेचसे आठवत होते, चाल आठवत होती, कुठे त्याचा दम लागला तेही आठवत होते. विद्यापीठाच्या नमुन्यात 'ध्वनिमुद्रण क्रमांक' असा एक रकाना आहे. आम्ही दोघांनी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिले. शेवटी तिने तिथे गाव, तिथी आणि वेळ लिहिली, आणि खाली पेन्सिलीने, धानाची कापणी चालू होती.